सरांचा पाचवा अंक

आमच्या इंग्रजीच्या सरांना इंग्रजी येत होतं, एवढं सोडलं तर त्यांच्यात इंग्रजीच्या सरासारखं काहीच नव्हतं. पायात बूट नाहीत, उसाला पाणी पाजायला जाताना घालतात ती रबरी चप्पल. खिशाला शाईचा डाग. आणि ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की केसांत कुठंतरी पाचटाचा एक तुकडा हमखास. सकाळी म्हशीची धार काढून, रानातनं एक चक्कर मारून ते शाळेत यायचे आणि 'गुड मॉर्निंग'च्या जागी म्हणायचे, "बसा रं बसा. उशीर झाला. म्हस आज लय नाटकं करत हुती."

पण एवढं म्हणायच्याही आधी शर्टाच्या खिशातनं मोपेडची चावी काढायचे आणि टेबलावर वाजवायचे. टक. की वाक्य सुरू. ते संपलं, पुढचं बोलायचं झालं, की परत टक. नवीन पोरांना वाटायचं, सर 'गप्प बसा' म्हणून वाजवतायत. पण वर्ग चिडीचूप असला तरी टक व्हायचंच. टेबल नसलं तर दारावर, दार नसलं तर मोपेडच्या हँडलवर. एकदा प्रार्थनेच्या वेळी सूचना द्यायच्या होत्या आणि जवळ काहीच नव्हतं, तर त्यांनी हेडमास्तरांच्या स्टीलच्या पाण्याच्या बाटलीवर टक केलं होतं. हेडमास्तरांनी बाटली उचलून दुसऱ्या हातात घेतली, तर सर त्यांच्या मागनं फिरून त्या बाजूला गेले.

आणि इंग्रजी वाचायला लागले की तर विचारूच नका. टक-टक, टक-टक, एका लयीत, लेझमीचा ठेका धरावा तसं. आवाज असा की शेजारच्या वर्गात भूगोल थांबायचा. एरवी आमच्याशी "व्हय, न्हाई, कवा, तवा" करणारा माणूस, पण ते चारशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी त्यांच्या तोंडातनं पाटाचं पाणी आल्यासारखं यायचं. आम्हाला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. पण ऐकत बसावंसं वाटायचं, हे खरं.

आमचं गाव आष्ट्यापासून जवळ. गावातच हायस्कूल, त्यालाच जोडून अकरावी-बारावी. मी अकरावी आर्ट्सला होते. आमच्या इंग्रजीच्या पुस्तकात मागच्या बाजूला नाटकाचा एक तुकडा होता, दोन-तीन पानांचा. परीक्षेला त्यावर एखादा प्रश्न यायचा, तोही सोडला तरी चालायचा. बाकीच्या शाळांत सोडतच होते. सरांनी पहिल्याच दिवशी ती पानं आमच्यासमोर हवेत धरली.

"ह्ये बगून नाटक कळतंय व्हय रं? म्हशीचं शेपूट बगून दुधाचा फॅट सांगनार काय तुमी?"

दुसऱ्या सोमवारी ते सांगलीहून अख्ख्या नाटकाचे झेरॉक्सचे गठ्ठे घेऊन आले. मोपेडच्या मागं सुतळीनं बांधलेले. प्रत्येक गठ्ठ्याचं पहिलं पान फाडलेलं. नाटकाचं नाव नाही, लिहिणाऱ्याचं नाही. आम्ही विचारलं तर म्हणाले, "नाव कळलं की तुमी गाईड आननार. गाईड आनलं की वाचनार न्हाई. आपला गडी हाय, इंग्लंडचा हाय, मरून चारशे वर्सं झाल्यात, यवढं बास." मग वर्षभर त्या नाटककाराचं आमच्या वर्गात नाव पडलं 'आपला गडी'. पुढं मी ते नाव शोधून काढलं, पण इथं लिहीत नाही. सरांना कळलं तर म्हणतील, गाईड लिहायला बसली.

"सर, ह्ये परीक्षेला हाय का?" मागच्या बाकावरच्या संत्यानं विचारलं. हा संत्या वर्गातला सगळ्यात उंच आणि अभ्यासाला सगळ्यात ठेंगणा.

टक. "परीक्षेला मी बी न्हाई. मग मला बी सोडतोस काय?"

नाटक विनोदी होतं. एक श्रीमंत व्यापारी, त्याची पोरगी. तिला नको असलेल्या माणसाशी तिचं लग्न ठरतं, तर ती पोराचे कपडे घालून पळून जाते आणि नेमकी त्याच माणसाच्या घरी कारकून म्हणून राहते. घरात एक लबाड नोकर आणि एक पंतोजी. हा पंतोजी म्हणजे घरच्या पोरांना शिकवायला ठेवलेला मास्तर. सारखं लॅटिन फेकणारा, कुणी विचारलं नसलं तरी उपदेश करणारा. सगळं घर त्याची टर उडवतं. चौथ्या अंकात त्याला दारूच्या रिकाम्या पिंपात लपावं लागतं आणि वरनं कुणीतरी झाकण ठोकतं.

आपल्या गड्याच्या काळात तिकडं बायका नाटकात काम करायच्या नाहीत, हे सरांनी सांगितलं तेव्हा आम्ही पोरी लगेच कान टवकारून बसलो. म्हणजे पोरगा पोरगी व्हायचा, आणि नाटकात ती पोरगी परत पोरगा व्हायची. सुप्रिया म्हणाली, "सर, लय अवघड झालं ह्ये."

"अवगड कशाचं? तू रोज घरात काय म्हन्तीस? 'आई, मी आलो.' म्हन्तीस का न्हाई?"

आमच्याकडं पोरी 'आलो, गेलो, जेवलो' असंच बोलतात. पुण्याच्या पाव्हण्यांना त्याचं लय आश्चर्य वाटतं. आम्हाला कधी काही वाटलं नव्हतं, त्या दिवशी मात्र सगळ्या पोरी एकमेकींकडं बघून फिदीफिदी हसलो.

सरांची शिकवायची पद्धत सांगितली तर आजचे शिक्षणतज्ज्ञ एक तर पुरस्कार देतील नाही तर नोटीस. एकाही ओळीचा अर्थ ते सांगायचे नाहीत. आधी स्वतः वाचायचे, मग आम्हाला वाचायला लावायचे, आणि मग म्हणायचे, "आता ह्येच तुज्या आत्याच्या तोंडानं सांग." माझी आत्या जत भागात दिलेली, तोंडाची फटकळ. मी त्या पळून गेलेल्या पोरीचं लांबलचक भाषण आत्याच्या तोंडानं केलं: "माजं लगीन, आन मला सोडून समद्या गावाला ठावं? आवं, म्हस इकताना बी तिचं दात बगत्यात, तिला इचारत न्हाईत, पन निदान तिच्या म्होरं तर बोलत्यात!" सर खुर्चीत मागं रेलून पोट धरून हसले. मग वहीत काहीतरी लिहून घेतलं. नंतर कळलं, त्यांनी माझं वाक्य आपल्या झेरॉक्सच्या समासात उतरवलं होतं.

डिसेंबरात तर कहरच. गॅदरिंगला नाटकाचा काही भाग करायचा ठरला. शाळेचं स्टेज दुरुस्तीला काढलेलं. सर म्हणाले, आपल्या गड्याच्या आधीची मंडळी बैलगाडीवर नाटक करायची, चौकात गाडी लावायची आणि सुरू. दुसऱ्या दिवशी घरची ट्रॉली शाळेच्या मैदानात हजर. ऊस भरायची ट्रॉली, तीही ऐन हंगामात. त्यांचे थोरले भाऊ दुपारी फटफटी घेऊन शाळेत आले, गेटमधनंच ओरडले, "आरं, तोड आलीया आन ट्रॉली कुटं हाय?"

सरांनी गेटच्या लोखंडावर चावी वाजवली. "आण्णा, परवा देतो."

"परवापातुर तोडकऱ्यांची टोळी ऱ्हाती व्हय?"

"उद्या देतो."

आण्णांनी ट्रॉलीत बघितलं. आत पिंप, दोन खुर्च्या आणि काजळानं मिशा काढलेली मी. ते फटफटी वळवून गेले. त्या दिवशी त्यांचा ऊस शेजाऱ्याच्या ट्रॉलीतनं गेला.

मिशा काढलेली मी, कारण पंतोजीचं काम माझ्याकडं होतं. पोरांपैकी कुणाला ते नको होतं. सगळ्यांना नोकराचं पाहिजे होतं, त्याच्या वाट्याला मारामारी होती. मला पंतोजी आवडला. मी घरी आरशासमोर तो करून बघितला, आणि करता करता एक गंमत सुचली. पंतोजीनं प्रत्येक वाक्याआधी टक केलं तर?

हे मी कुणाला सांगितलं नाही. तालमीत साधाच पंतोजी केला. गॅदरिंगच्या दिवशी मात्र घरनं आईचं मोठं उलथनं पोतडीत घालून नेलं. कार्यक्रम दुपारचाच होता. सर दिवस मावळायच्या आत जेवायचे, त्यांच्या घरची जैनांची रीतच तशी, त्यामुळं त्यांच्या हातातला कुठलाही कार्यक्रम उन्हातच उरकायचा. मैदानात अख्खं गाव. पुढच्या खुर्च्यांवर संस्थेचे लोक, हेडमास्तर, सर. मागं बायका, पोरं. पप्पांनी कुपवाडच्या कारखान्यातनं अर्धी सुट्टी काढलेली.

मी ट्रॉलीवर चढले, पिंपावर उलथनं हाणलं आणि वाक्य सुरू केलं. ठण्ण!

एक क्षण कुणाला कळलं नाही. दुसऱ्या वाक्याला परत ठण्ण, आणि मैदान फुटलं. असा हशा पिकला की मला पुढचं बोलता येईना. मी चेकाळले. चष्मा नाकावर सरकवणं, तोंड वर करून एक श्वास घेणं, वाक्याच्या आधी ओठ नुसतेच हलवणं, सरांचं जे जे होतं ते सगळं केलं. संत्या नोकर होता, तो हसत हसत ट्रॉलीच्या फाळक्याला धरून खालीच बसला. सर पुढच्याच खुर्चीवर होते. मी त्यांच्याकडं बघितलं. ते हसत होते, टाळ्याही वाजवत होते. मला वाटलं, जिंकलं आपण.

घरी आल्यावर आई माझी दृष्ट काढायला निघाली, तर पप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे." मग माझ्याकडं न बघता चप्पल काढत म्हणाले, "तुला कुनी सांगितलं न्हाई व्हय, त्यो तोतरा हाय म्हून?"

मी म्हणाले, सर कुठं तोतरे आहेत, इतकं भारी बोलतात.

"टकटक करतोय म्हून बोलतोय. शाळंत आमी एका वर्गात हुतो. शब्दच फुटायचा न्हाई त्याला. 'प' आला की संपलं, पप्पप्पप्प करत बसायचा, घाम यायचा. आमी त्याला इंजान म्हनायचो. हिरीवरचं इंजान कसं, दहा येळा हँडल मारल्याबिगार सुरू व्हत न्हाई, तसं. मंग कुनीतरी मास्तरनं त्याला सांगितलं, ठेका धरून कविता म्हन. त्याला इंग्रजी कविता सुटायला लागली. मराठीत अडायचा, इंग्रजीत न्हाई. म्हून इंग्रजीचा मास्तर झाला त्यो."

"इंजान नाव कुणी ठेवलं होतं?" मी विचारलं.

पप्पा नळावर पाय धुवायला गेले. बराच वेळ पाय धूत होते. मग तिथनंच म्हणाले, "मीच की."

तोवर उशीर झालेला होता. कुणीतरी माझा पंतोजी मोबाईलवर घेतला होता आणि संध्याकाळपर्यंत तो गावाच्या, भावकीच्या, तालमीच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होता. आष्ट्याच्या मामानं फोन करून माझं कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी सर डेअरीत दूध घालायला गेले तर रांगेतल्या कुणीतरी कॅनवर टक केलं. मग दुसऱ्यानं. चार-आठ दिवसांत हे सगळ्या गावाला लागलं. पानपट्टीवर, सलूनमध्ये, एसटीच्या थांब्यावर. सरांची मोपेड दिसली की पोरं गाडीच्या टाकीवर टक करायची. वाईट कुणाच्या मनात नव्हतं. आमच्या गावाला एखादी गंमत सापडली की ती चोथा होईपर्यंत चघळायची सवय आहे.

आणि सरांनी चावी खिशातनं काढणं बंद केलं.

चावी बंद म्हणजे बोलणं बंद. सर वर्गात यायचे, हाताने 'बसा' करायचे आणि फळ्यावर लिहायला लागायचे. प्रश्न, खाली उत्तर. प्रश्न, खाली उत्तर. आम्ही उतरवून घ्यायचो. कुणी शंका विचारली तर त्याचंही उत्तर फळ्यावर. नाटकाचे चार अंक झाले होते, पाचवा राहिला होता. झेरॉक्सचा गठ्ठा त्यांनी परत आणलाच नाही. म्हशीचं नाव नाही, आपल्या गड्याचं नाव नाही. हेडमास्तर मात्र खूश. "आता बघा, कसं शिस्तीत चाललंय," असं त्यांनी स्टाफरूममध्ये म्हटलेलं मी स्वतः ऐकलं, आणि मला त्यांची ती बाटली फेकून द्यावीशी वाटली.

मला लय वाईट वाटत होतं. नुसतं वाईट नाही, रात्री जेवण जायचं नाही. एका माणसानं आयुष्यभर खपून मिळवलेला आवाज मी एका दुपारी, उलथन्यानं, लोकांना हसवायला म्हणून घालवला होता. आणि वर बक्षीस घेतलं होतं, उत्कृष्ट अभिनयाचं. ती ट्रॉफी आईनं टीव्हीवर ठेवली होती, मी ती कपाटात टाकली.

माफी मागायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा स्टाफरूमच्या दारात जाऊन "सर, सॉरी" म्हणाले. त्यांनी मान वर केली, भुवया उंचावल्या, म्हणजे कशाबद्दल? आता 'तुम्ही तोतरे आहात हे मला माहीत नव्हतं' असं शेजारी पीटीचे सर वडापाव खात बसलेले असताना कसं सांगायचं? मी म्हणाले, "गृहपाठ राहिला." त्यांनी मान हलवली. गृहपाठ दिलेलाच नव्हता. दुसऱ्यांदा मी चिठ्ठी लिहून मोपेडच्या सीटच्या फटीत खोचली. ती सीट त्यांच्या भावानं उघडली असावी. कारण दोन दिवसांनी आण्णा मला रस्त्यात म्हणाले, "पोरी, अक्षर चांगलं काड जरा."

असंच वर्ष संपलं, आम्ही बारावीत गेलो. पुस्तक बदललं, सर तेच, फळाही तोच.

सप्टेंबरात क्षमावाणी आली. आमच्या गावात जैनांची घरं बरीच. त्यांचं दहा दिवसांचं पर्व संपलं की हा दिवस असतो. घरोघरी जाऊन, हात जोडून, वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल त्याची माफी मागायची. 'उत्तम क्षमा' म्हणायचं, समोरच्यानंही तेच म्हणायचं. आता लोक ते बहुतेक मोबाईलवरच उरकतात, फुलांचं चित्र पाठवतात आणि झालं. सर मात्र प्रत्येक वर्षी वर्गात येऊन प्रत्येक पोराची वेगवेगळी माफी मागायचे, तीही नेमकं काय चुकलं ते सांगून. तुला जुलैत बिनकामाचं रागावलो. तुझी वही महिनाभर ठेवून घेतली. मागच्या वर्षी बाकावर टक करून संत्याला म्हणाले होते, "तुज्याबद्दल मी मनात लय वंगाळ बोललो. काय बोललो त्ये सांगत न्हाई." वर्ग हसून हसून लोळला होता.

ह्या वर्षी ते कसं करणार, हा प्रश्न आम्हा सगळ्यांना होता. सकाळपासून कुणी त्यावर बोललं नाही, पण तासाला एकही जण गैरहजर नव्हता.

सर आले. खडू उचलला. परत ठेवला. पहिल्या बाकापासून सुरुवात केली. हात जोडायचे आणि बोलायला लागायचे. चावी ह्या वेळी खिशातच. पहिल्याच शब्दाला अडकले. "उ... उ... उत्त..." मान ताठ झाली, डोळे मिटले गेले. आठ-नऊ महिने आम्ही त्यांना फळ्यावर लिहिताना बघत होतो, पण हे आम्ही कधीच बघितलं नव्हतं. सुप्रिया खाली बघायला लागली. त्यांनी मात्र सोडलं नाही. शब्द पुरा काढला, पुढच्या बाकाकडं गेले, परत काढला. एकेका पोराला एक-एक मिनिट. घाम कानामागनं शर्टात चाललेला.

माझ्यापाशी आले. हात जोडले.

"पा... पा... पाच... पाचवा अंक ऱ्हायला. मा... माजी चूक. उत्तम क्षमा."

मला वाटलं होतं ते रागावतील, काहीतरी टोचून बोलतील, तरी चाललं असतं. हे मात्र मला सहन झालं नाही. रीतीप्रमाणं मी नुसतं 'उत्तम क्षमा' म्हणायला पाहिजे होतं. मी भर वर्गात भोकाड पसरलं. "सर, मला माहीत नव्हतं. आईशप्पथ माहीत नव्हतं. मी मुद्दाम नाही केलं. म्हणजे मुद्दामच केलं, पण तसं नाही केलं. तुमचं बोलणं माझ्यामुळं गेलं. आणि पप्पांनी पण..." इथं मी गप्प झाले, कारण पप्पांची माफी मी मागणं बरोबर नव्हतं, ती त्यांची त्यांनी मागायला पाहिजे होती.

सर सावकाश, प्रत्येक शब्दाशी झटापट करत म्हणाले, "का... काम झ्याक केलंतीस. उ... उलतनं तेवडं लय मोटं घ्येतलंतीस."

कुणी हसलं नाही. तोंडं सगळ्यांची सुतकी.

"चावी हातात घ्येतली की," ते थांबत थांबत म्हणाले, "लोकं हसताना दिसायची. मंग चावी ठेवली. चावी ठेवली की तोंड उगडंना. म्हनलं, आता रिटायर व्हायला उरलंत तीन वर्सं, फळ्यावर काडू."

संत्या मागनं उठला. ह्या पोराला आयुष्यात पहिल्यांदा अभ्यासाचा प्रश्न पडला होता. "सर, मग त्या पोरीचं काय झालं? पाचव्या अंकात?"

"चावीबिगर वाचायला लागंल. ल... लय येळ लागंल."

"लागू दे की," संत्या म्हणाला. "बारावीचं वर्ष हाय, आमी कुटं जातोय?"

दुसऱ्या दिवशी झेरॉक्सचे गठ्ठे सुतळीत बांधून परत आले. हे परीक्षेला नव्हतं, बारावीच्या पुस्तकात तर नाटकाचा तो तुकडाही नव्हता. सर टेबलाच्या पुढं येऊन उभे राहिले, दोन्ही हातांत कागद धरून, आणि वाचायला लागले.

पाटाचं पाणी नव्हतं ते आता. एक ओळ निघायला कधी कधी अर्धं मिनिट लागायचं. पोरगी आपलं सोंग उतरवते, बाप तिला ओळखतो, नोकराची लबाडी उघडी पडते. आम्ही देवळात बसल्यासारखे हात बांधून बसलो होतो. कुणी पान उलटलं तरी आवाज होऊ नये म्हणून जपत होतं. मध्ये शिपाई सूचनेचं रजिस्टर घेऊन आला, तर सुप्रियानं त्याला हातानंच परत पाठवलं. तीन दिवस असं चाललं.

तिसऱ्या दिवशी पंतोजी आला. त्याला पिंपातनं बाहेर काढतात, घामानं ओलाचिंब, नाकाला दारूचा गाळ. लग्नाची पंगत बसलेली असते आणि हा आशीर्वादाचं लॅटिन भाषण सुरू करतो. पण प्रत्येक वेळी कुणी ना कुणी त्याला मध्येच तोडतं. कुणी वाढप्याला हाक मारतं, कुणी गाणं सुरू करतं. तो परत पहिल्यापासून सुरू करतो. परत तोडतात. परत पहिल्यापासून. सात वेळा.

आता हे वाचणारे आमचे सर. पंतोजी एका शब्दाला अडतो, सर त्याच शब्दाला त्याच्याही आधी अडतात. तो सुरू करतो, हे सुरू करतात, तो थांबतो, हे थांबत नाहीत कारण हे अजून मागच्याच शब्दावर असतात. खरं सांगते, लय हसू येत होतं. पोटात कळा येत होत्या. संत्यानं रुमाल तोंडात कोंबला होता. पण हसायची कुणाची छाती नव्हती, माझी तर नाहीच. मी बाकाची कड घट्ट धरून मान खाली घालून बसले होते.

सरांनी वाचणं थांबवलं. कागद खाली केला. सगळ्या वर्गावरनं नजर फिरवली. चेहरा लाल झालेला.

"काय रं, मयताला आलायसा काय?"

संत्यानं रुमाल आणखी आत कोंबला.

"वि... विनोदी नाटक हाय ह्ये! आपल्या गड्यानं शाई घातलीया त्यात. आन तुमी गप?" ते माझ्या बाकापाशी आले. "ह्यात नि... निम्मं त्याचं हाय, नि... निम्मं माजं. मला बी कळत न्हाई आता कुटलं कुनाचं. हसा की दोनीला!"

मी मान वर केली. ते माझ्याकडंच बघत होते, आणि ते माझ्याकडनं काहीतरी मागत होते. माफी नव्हे. ती झाली होती.

मी हसले. सगळ्यांत आधी मी, मोठ्यानं, डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत. मग संत्याच्या तोंडातला रुमाल उडाला, मग अख्खा वर्ग. सरही हसत होते, कागदानं वारा घेत होते. मग त्यांनी हात वर केला, चष्मा सरकवला आणि पंतोजीचं भाषण परत पहिल्यापासून सुरू केलं. पहिल्याच अक्षराला अडकले, आणि ते सुटेपर्यंत आम्ही सगळे वाट बघत बसलो.